ऑस्ट्रेलियाच्या कुटुंब व्हिसाची मेडिकल: कोल्हापुरातून निघणाऱ्यांसाठी

माझ्या छातीच्या एक्स-रेवर डाव्या बाजूला वर एक पांढरा डाग दिसतो. एकोणिसाव्या वर्षी मला टीबी झाला होता. सहा महिने औषधं घेतली, पूर्ण बरी झाले आणि पुढे ते सगळं मागे पडलं. नंतर लग्न झालं, मुलगा झाला, नवरा मेलबर्नला गेला आणि माझ्यासाठी आणि मुलासाठी आम्ही राजारामपुरीतल्या घरातून ३०९ क्रमांकाच्या जोडीदार व्हिसाचा अर्ज भरला. या एका डागामुळे आमचं काम जवळजवळ तीन महिने थांबलं. व्हिसा शेवटी मिळाला. पण त्या तीन महिन्यांत माझी झोप उडाली होती, आणि त्यातली निम्मी काळजी केवळ माहिती नसल्यामुळे होती.

ज्यांच्या घरात आता हेच चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे: नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जाणारे, सोबत मुलं असणारे, आईवडिलांना कायमचं बोलावून घेणारे. मी ऑस्ट्रेलियाच्या प्रक्रियेतून गेले, म्हणून फक्त तिचंच सांगते. कॅनडा, ब्रिटन, अमेरिका यांचे नियम वेगळे आहेत. इथलं वाचून तिकडची तयारी करू नका.

१. ते नेमकं काय बघतात

आपल्याकडे मेडिकल म्हटलं की पोलीस भरतीसारखं वाटतं, म्हणजे धडधाकट असलात तर पास, काही निघालं तर नापास. इथे तसं नाही. त्यांचे मुख्य प्रश्न दोन. तुमच्यामुळे तिथल्या लोकांच्या आरोग्याला धोका आहे का? याचा रोख मुख्यतः सक्रिय टीबीवर असतो. आणि तुमच्या आजारावर तिथल्या सरकारचा फार मोठा खर्च होईल का?

खर्चाची मर्यादा १ जुलै २०२४ पासून ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. कायमच्या व्हिसासाठी साधारण पाच वर्षांचा खर्च धरतात. आजार आयुष्यभराचा असेल आणि त्याचा खर्च आधी सांगता येत असेल, तर दहा वर्षांपर्यंतचा धरतात. ‘खर्च आमचा आम्ही करू’, ‘मुलगा तिकडे चांगला कमावतो’, ‘विमा काढतो’ हे त्या हिशेबात येत नाही. तोच आजार असलेल्या कुठल्याही माणसावर सरकारचा किती खर्च होईल, एवढंच बघतात.

म्हणून साधी शुगर, बीपी, थायरॉइड, चष्मा, लहानपणी झालेलं हर्नियाचं ऑपरेशन यांनी घाबरून जाऊ नका. आणि म्हणूनच काही लपवूही नका.

२. घाई करू नका

आमच्या ओळखीतल्या एका घराने अर्ज भरल्याच्या आठवड्यातच मेडिकल उरकून घेतली. ‘एक काम संपलं’ म्हणून सगळे खूश होते. पण मेडिकल साधारण १२ महिनेच चालते आणि जोडीदार व्हिसाला अनेकदा त्याहून जास्त वेळ लागतो. त्यांना सगळं परत करावं लागलं, पैसेही परत भरावे लागले.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा खात्याकडून मागणी येईपर्यंत थांबणं बरं. आईवडिलांच्या व्हिसाची रांग तर वर्षानुवर्षं चालते. तिथे मागणी आल्याशिवाय हात लावूच नका. मागणीचं पत्र आलं की उत्तराला सहसा २८ दिवस मिळतात. तेवढ्यात तारीख मिळाली नाही, तर दवाखान्याने दिलेल्या तारखेचा पुरावा इमिअकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसा अर्जाच्या ऑनलाइन खात्यात, चढवा आणि मुदत वाढवून मागा. गप्प बसणं मात्र महागात पडतं.

आणखी एक. व्हिसाच्या पत्रात पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात पोचण्याची शेवटची तारीख दिलेली असते, आणि ती बहुधा मेडिकल किंवा पोलीस दाखला यांतलं जे आधी संपतं त्यावरून ठरते. दोन्ही जवळपासच्या तारखांना केले तर घर आवरायला, मुलाची शाळा सोडवायला पुरेसा वेळ मिळतो.

३. हॅप आयडी

अर्ज दाखल केला की इमिअकाउंटमध्ये प्रत्येक माणसाच्या नावासमोर आरोग्य तपासणीचा दुवा दिसतो. तिथे आधीच्या आजारांविषयीचे प्रश्न येतात. ते भरून झाले की एक पत्र तयार होतं आणि त्यावर हॅप आयडी, म्हणजे तुमच्या तपासणीचा क्रमांक, असतो. हे पत्र छापून घ्या. दवाखाना या क्रमांकाशिवाय तारीखच देत नाही. आई, मूल, जो कोणी अर्जात असेल त्या प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. तिकडे नागरिक असलेल्या नवऱ्याला मेडिकल लागत नाही, तो फक्त प्रायोजक असतो.

अर्ज भरण्याआधी तपासणी करायची ‘माय हेल्थ डिक्लरेशन्स’ नावाची सोय आहे. एकदा अर्ज दाखल झाला की ती वापरायची नाही, नाहीतर दोन वेगळे हॅप आयडी तयार होऊन गोंधळ होतो.

आणि ते प्रश्न नवऱ्याने तिकडे बसून रात्री घाईत भरून टाकू नयेत. आमच्याकडे तेच झालं. ‘कधी टीबी झाला होता का’ यापुढे त्याने ‘नाही’ निवडलं, कारण लग्नाआधीची ही गोष्ट त्याच्या लक्षातच नव्हती. पत्र छापायच्या आधी मी वाचलं म्हणून बरं. ज्याची तपासणी आहे त्याने शेजारी बसून स्वतः उत्तरं द्यावीत.

४. काय काय सोबत न्यायचं

- मूळ पासपोर्ट. झेरॉक्स चालत नाही, आधार कार्डही चालत नाही.
- हॅप आयडीचं पत्र, प्रत्येकाचं वेगळं.
- चष्मा किंवा लेन्स, कारण नजर तपासतात.
- चालू औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी. नुसत्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत भरून नेऊ नका.
- जुने रिपोर्ट: ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी), हृदयाचा त्रास असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी).
- जुने छातीचे एक्स-रे, फिल्म किंवा सीडी काहीही. यावर पुढे सविस्तर सांगते.
- मुलाचं लसीकरण कार्ड. या व्हिसासाठी ते मागत नाहीत, पण डॉक्टरांना उपयोगी पडतं. शिवाय मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तिथे बालवाडीत नाव घालताना लसीकरणाची नोंद लागतेच.
- मूल आणि सोबतचा मोठा माणूस यांचं नातं दाखवणारा जन्मदाखला.

लग्नानंतर पासपोर्ट बदलला असेल तर इथे हमखास घोळ होतो. अर्ज माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर, आणि हातात सासरच्या नावाचा नवा पासपोर्ट. दवाखान्याच्या संगणकावर जुना क्रमांक दिसतो आणि तुम्हाला परत पाठवतात. नवा पासपोर्ट आला की आधी इमिअकाउंटमध्ये बदल कळवा, तो तिथे दिसू लागल्यावरच तारीख घ्या.

५. दवाखाना आणि प्रवास

ही तपासणी फक्त ऑस्ट्रेलियाने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरांकडेच होते. आपले फॅमिली डॉक्टर, सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय), शहरातलं कितीही मोठं रुग्णालय, कुणाचंही ‘फिटनेस सर्टिफिकेट’ इथे चालत नाही. एका सल्लागाराने आमच्याकडून असं सर्टिफिकेट करून देण्याचे पैसे मागितले होते. देऊ नका.

मी केलं तेव्हा यादीत कोल्हापूर नव्हतं, म्हणून पुणं धरलं. यादी बदलत असते, तुमच्या वेळची खात्याच्या संकेतस्थळावर पाहा. फी व्हिसाच्या फीमध्ये धरलेली नसते, ती दवाखान्यात भरावी लागते. रोख की कार्ड, माणशी किती, मुलाच्या रक्ततपासणीचे वेगळे किती, हे फोनवरच विचारा.

कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. महामार्गाचं काम आणि घाटातली गर्दी धरली तर सकाळच्या तारखेसाठी पहाटे निघणं म्हणजे जुगार आहे. महालक्ष्मी एक्सप्रेस पुण्यात मध्यरात्रीनंतर उतरवते, लहान मुलाला घेऊन ते नको. आदल्या दिवशी जा आणि दवाखान्याच्या जवळ राहा. आम्ही मावसबहिणीकडे राहिलो. शक्य असेल तर पुढचे चार-पाच दिवसही मोकळे ठेवा. का ते आठव्या टप्प्यात कळेल.

६. त्या दिवशी

सगळं मिळून दोन-तीन तास. फोटो काढतात, पासपोर्ट तपासतात. उंची, वजन, बीपी, नजर, लघवीची तपासणी होते. डॉक्टर छाती-पोट तपासतात आणि आधीच्या आजारांचं विचारतात. ११ वर्षांवरच्या प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे आणि १५ वर्षांवरच्या प्रत्येकाची एचआयव्हीसाठी रक्ततपासणी होते. नर्स किंवा डॉक्टर म्हणून तिकडे काम करणार असाल, किंवा गरोदर असाल, तर हिपॅटायटिसच्या तपासण्याही लागतात.

बायकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाळीच्या दिवसांत तारीख घेऊ नका; लघवीत रक्त दिसलं की ती तपासणी पुन्हा होते आणि परत पुणं गाठावं लागतं. एक्स-रेला मंगळसूत्र, गळ्यातलं सगळं, हुकाचे कपडे काढावे लागतात आणि केस वर बांधावे लागतात. मंगळसूत्र काढायचं म्हणून सासूबाई आधीपासून अस्वस्थ होत्या. शेवटी ते त्यांनीच हातात धरून बाहेर बाकावर बसून राहिल्या. डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत एक बाई थांबावी असं सांगा. तो तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

गरोदर असाल तर दारातच सांगा. एक्स-रे बाळंतपणानंतर करता येतो. व्हिसा तेवढा लांबतो, पण कुणी नाकारत नाही.

व्यायाम करणाऱ्यांनाही एक सांगते. माझा चुलत दीर तालमीत जातो. आदल्या दिवशी जोर-बैठका काढून गेला आणि लघवीत प्रथिनं निघाली. पुन्हा तपासणी झाली, तीत काही नव्हतं. दोन दिवस तालीम बंद ठेवा आणि पाणी भरपूर प्या.

७. मुलांचं

दोन वर्षांखालच्या बाळाला फक्त डॉक्टर तपासतात. २ ते १० वर्षांच्या मुलांना, भारतात टीबीचं प्रमाण जास्त असल्यामुळे, टीबीची वेगळी तपासणी लागते. ती दोन प्रकारे होते: हातावर टोचून सूज मोजायची माँटू, किंवा रक्ताची इग्रा.

पर्याय मिळाला तर इग्रा घ्या. आपल्याकडे जन्मल्यावर मुलांना बीसीजी देतात, डाव्या दंडावरचा वण तोच. बीसीजीमुळे माँटू चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते, इग्रावर मात्र तिचा परिणाम होत नाही. शिवाय माँटूची सूज दोन-तीन दिवसांनी बघावी लागते, म्हणजे परत फेरी. गोवर-रुबेलाची लस नुकतीच दिली असेल तर तेही सांगा, ती दोन्ही तपासण्यांवर परिणाम करू शकते.

इग्रा पॉझिटिव्ह आली म्हणजे मुलाला आजार आहे असं नाही. जंतू कधीतरी शरीरात शिरले आणि शांत पडून आहेत, एवढाच बहुतेक वेळा अर्थ असतो. मग एक्स-रे काढतात, तो स्वच्छ असला की गाडी पुढे जाते.

जे मूल सोबत जाणार नाही, आजोळी राहणार आहे, त्याचीही तपासणी मागू शकतात. पहिल्या लग्नाचं मूल असलेल्या घरांनी हे आधीच विचारून घ्यावं, शेवटच्या क्षणी भांडण नको.

८. टीबी होऊन गेला असेल तर

‘मॅडम, लिहूच नका, कुणाला कळणार आहे?’ असं मला तोंडावर सांगितलं गेलं. कळतं. फुफ्फुसावरचा वण बरं झाल्यावरही राहतो आणि एक्स-रेवर दिसतोच. फॉर्ममध्ये ‘नाही’ आणि फिल्मवर वण असं झालं, तर आजाराच्या प्रश्नासोबत खोटेपणाचाही प्रश्न उभा राहतो.

टीबी पूर्ण बरा झाला असेल तर त्यामुळे व्हिसा नाकारत नाहीत. त्यांना फक्त खात्री हवी असते की जंतू आता जिवंत नाहीत. सक्रिय टीबी निघाला तरीही दार कायमचं बंद होत नाही. उपचार पूर्ण करून, बरं झाल्याचं सिद्ध झालं की फाईल पुढे सरकते.

माझं असं झालं. एक्स-रे झाला, आम्ही कोल्हापूरला परत आलो आणि तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला, थुंकीची तपासणी करायची आहे. हे नमुने तीन लागतात, सलग तीन दिवस, सकाळी काही खाण्याआधी, आणि दवाखान्यातच कुणाच्या तरी समोर. घरून डबीत भरून नेलेलं चालत नाही. म्हणून चार दिवस पुन्हा पुण्यात. थुंकी येत नसेल तर मिठाच्या पाण्याची वाफ देतात, मलाही द्यावी लागली. लाळ नको, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा, हे पहिल्या दिवशी कुणी नीट सांगितलं नाही आणि माझा एक नमुना वाया गेला.

सूक्ष्मदर्शकाखालचा निकाल लवकर मिळतो. पण कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का ते बघणं, सहा ते आठ आठवडे चालतं. ते कुणाच्या ओळखीने, विनंतीने, पैशाने लवकर होत नाही. टीबीचे जंतू मुळातच फार सावकाश वाढतात. या काळात दवाखान्याला रोज फोन करू नका, आणि खात्याला ईमेलही नको.

या आठवड्यांत कागद गोळा करा. माझं डॉट्सचं, म्हणजे सरकारी टीबी उपचाराचं, कार्ड माहेरी कागलला आईच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली सापडलं. तेव्हा आठवड्यातून तीनदा सरकारी दवाखान्यात जाऊन समोर गोळ्या गिळाव्या लागत. प्रत्येक दिवसाची फुली त्या कार्डावर होती, शेवटी ‘बरा झाला’ असा शेरा आणि सही. त्या कार्डाने माझं सगळ्यात जास्त काम केलं. जोडीला उपचार संपल्यानंतरचा एक जुना एक्स-रे मिळाला. दोन फिल्म शेजारी ठेवल्या की वण तसाच आहे, वाढलेला नाही, हे डॉक्टरांना दिसतं.

कार्ड हरवलं असेल तर जिथे औषध घेतलं त्या आरोग्य केंद्रात जा, नाहीतर जिल्हा क्षयरोग केंद्रात विचारा. २०१२ साली ‘निक्षय’ ही संगणकी नोंद सुरू झाली, त्यानंतरचे उपचार असतील तर नाव तिथे असू शकतं. खासगी डॉक्टरांकडे घेतले असतील तर त्यांच्या लेटरहेडवर चार गोष्टी लिहून घ्या: कोणत्या साली, कोणती औषधं, किती महिने, आणि शेवटी निकाल काय.

आपल्या घरांत टीबी झाला हे मुलीच्या लग्नाच्या भीतीने लपवतात, माझ्याही लपवलं होतं. त्यामुळे कागद फाडून टाकलेले असतात. तुमच्या घरात असं कार्ड असेल तर ते आजच एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवा.

९. मोठे आजार आणि आईवडील

शुगर-बीपी ताब्यात असेल तर सहसा अडत नाही, पण ताब्यात आहे हे कागदावर दिसलं पाहिजे. तपासणीच्या तीन महिने आधीपासून औषध आणि पथ्य नीट सांभाळा, कारण एचबीएवनसीत मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर दिसते. एचआयव्ही असला तरी आपोआप नकार नाही, खर्चाचा हिशेब करतात. डायलिसिस चालू असेल तर मात्र मर्यादा सहज ओलांडली जाते.

मर्यादा ओलांडली तर पुढे काय, हे व्हिसाच्या प्रकारावर आहे. जोडीदार व्हिसात सूट मागता येते: तिकडे नागरिक असलेला जोडीदार, तिथे वाढणारी मुलं, वेगळं राहण्याचा त्रास, हे लेखी मांडायची संधी देतात. टीबीच्या बाबतीत मात्र सूट नसते. आईवडिलांच्या व्हिसांत सहसा सूट नाहीच. म्हणून वडिलांची किडनी अधू असेल तर लाखो रुपये भरायच्या आधी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकिलाचा सल्ला घ्या. भावनेच्या भरात फी भरून मग रडणारी घरं मी पाहिली आहेत. आईवडील नुसते भेटीला जाणार असतील आणि वय ७५ किंवा त्यावर असेल, तर पर्यटक व्हिसालाही मेडिकल लागते.

१०. नंतर

दवाखाना तुम्हाला पास-नापास सांगत नाही, सांगूही शकत नाही. तो रिपोर्ट ई-मेडिकल या संगणकी यंत्रणेतून थेट खात्याला पाठवतो. गरज पडली तर तिथले सरकारी वैद्यकीय अधिकारी बघून मत देतात. इमिअकाउंटमध्ये ‘हेल्थ क्लिअरन्स प्रोव्हायडेड, नो ॲक्शन रिक्वायर्ड’ असं दिसलं की मेडिकलचं काम झालं. आठवडाभरात न दिसल्यास घाबरू नका, पण आणखी काही मागितलेलं दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्याला फोन करा.

माझ्यासारखा जुना वण असेल तर ८१५ क्रमांकाचा एक फॉर्म सहीसाठी येऊ शकतो. ते आरोग्याचं हमीपत्र आहे. त्यात तिकडे पोचल्यापासून २८ दिवसांत तिथल्या आरोग्य यंत्रणेशी संपर्क करून पुढच्या तपासणीला जायचं तुम्ही मान्य करता. मी उतरल्यावर चौथ्या दिवशी फोन केला. त्यांनी माझ्या भागातल्या सरकारी छातीरोग क्लिनिकची तारीख दिली. तिथल्या नर्सने एक्स-रे पाहिला, कागलच्या दवाखान्यातल्या त्या पिवळ्या पडलेल्या कार्डावरच्या फुल्या मोजल्या आणि कार्डाची प्रत काढून घेऊन मूळ माझ्या हातात परत दिलं.